तक्ता क्रमांक दोन

७ मार्च

आत्या,

...आणि चोर म्हणालीस ते म्हणालीस, पण बाबांसमोर? तेही माझ्या ताटात वाढता वाढता? "सरकारी पगारावरची चोर!" बाबा हसले, आई हसली, मला नाही हसू आलं. परतीच्या गाडीत बसल्यावर सगळी उत्तरं सुचली, ती आता लिहिते. मोबाईलवर तू माझे मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, आणि गप्प बसतेस. बाबा म्हणाले, "तिला कागदावर लिही. लिहिलेलं समोर आलं की तिला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही."

तर वाच. संशोधन कोणाच्या पैशावर होतं? लोकांच्या. संशोधकाला पगार कोण देतं? लोकच. तो लेख लिहून तुमच्या कंपनीच्या जर्नलला फुकट देतो. दुसरे संशोधक तो फुकट तपासतात. मग तुमची कंपनी त्याला कुलूप लावते आणि त्याच लोकांना म्हणते, वाचायचाय? पैसे टाका!

आता सरकारने नियम केलाय तो एवढाच, की सरकारी पैशावर झालेल्या कामाचा लेख जर्नलने स्वीकारला, की लेखकाने त्याचा मसुदा आमच्या संग्रहात ठेवायचा. मग तो कोणीही फुकट वाचू शकतो. आधी वर्षभर थांबावं लागायचं, आता त्याच दिवशी. यात चोरी कुठे आली गं? आणि कोर्टात तुम्ही गेलात, आम्ही नाही.

एकदा ये आमच्या ऑफिसात. तिसरा मजला, सहा टेबलं, एक खिडकी, ती पण पार्किंगवर उघडणारी. रोज पन्नास-साठ मसुदे येतात. मी पानं मोजते, आकृत्या उघडतात का बघते, वर सरकारी शिक्क्याचं कव्हर लावते आणि संग्रहात सोडते. कुठल्या कुठल्या दवाखान्यांतून आभाराचे मेल येतात. जगातल्या कुठल्या चोराला आभाराचे मेल येतात, सांग बरं?

तुझी (अजून तरी तुझीच)
भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल शाईच्या खुणा बघून घे. इंग्रजी शाळेत घातलं म्हणून दादाला मी तेव्हाही बोलले होते.

आता माझं ऐक. तुम्ही ठेवता तो मसुदा कच्चा का असतो, माहीत आहे? त्याला अजून माझा हात लागलेला नसतो म्हणून. सव्वीस वर्षं मी या टेबलाशी बसून इतरांचे लेख वाचते. वाचते म्हणजे तुझ्यासारखी पानं मोजत नाही. पट्टी ठेवून एकेक ओळ. तक्त्यातला प्रत्येक आकडा मजकुराशी जुळवते. जुळला नाही की लेखकाला प्रश्न लिहिते. प्रत्येक लेखाला माझ्या प्रश्नांचा एक कागद असतो, आणि त्यातले निम्मे प्रश्न बघून मोठमोठ्या प्रोफेसरांना घाम फुटतो. या कामाला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. उद्या सगळेच तुमच्याकडे फुकट वाचू लागले तर पहिली खुर्ची कोणाची जाईल? मालकाची? माझी जाईल.

उदाहरण देते. गेल्या वर्षी एक लेख आला होता. लहान मुलांना फिट आली तर थांबवायचं औषध, छोट्या दवाखान्यांत कसं द्यावं, त्याबद्दल. पान सहा, तक्ता दोन. मजकुरात लिहिलंय, पाच वर्षांखालच्या मुलांना कमी मात्रा. तक्त्यात बघते तर त्यांनाच जास्त! वरच्या दोन रकान्यांची शीर्षकं उलटी झालेली. जर्नलच्या तीन तज्ज्ञांनी लेख तपासला होता, एकाच्याही लक्षात आलं नाही. मी प्रश्न लिहिला: 'शीर्षकं उलटी झालीत का?' लेखकाचं उत्तर आलं, 'हो. बदला. आभार.' मग आमच्या जर्नलमध्ये ते बरोबर छापून आलं.

तुझ्या त्या फुकट भांडारात जाऊन बघ. तिथे माझ्याआधीची फाईल असणार. पैज लावते, अजून उलटंच असेल. मग मला विचार, कुलूप कशाला लागतं.

आत्या


१८ मार्च

आत्या,

पैज जिंकलीस. अभिनंदन!

उलटंच आहे. अकरा महिने तिथे उलटंच आहे, आणि हजारो लोकांनी ती फाईल उतरवून घेतली आहे. पाच वर्षांखालच्या पोराला दुप्पट औषध! आणि तुला ते माहीत होतं. अकरा महिने तुला माहीत होतं गं. तू कोणाला सांगितलंस कधी? भाचीशी भांडण जिंकायचं होतं तेव्हा. मी तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी ठेवून एकेक ओळ वाचतेस, आणि त्या ओळीच्या पलीकडे माणूस आहे हे दिसत नाही तुला?

मी लगेच आमच्या संचालक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, नियम असा की फाईल बदलायची तर लेखकाने मागणी करायला हवी. मी लेखकाला फोन लावला. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "दुरुस्त केलेला मजकूर कंपनीचा आहे. मी करार केलाय. तो मी सरकारी संग्रहात टाकला तर ते मलाच नोटीस पाठवतील. तुम्ही त्यांची परवानगी आणा, मी पाच मिनिटांत टाकतो."

म्हणजे चूक लेखकाची, ती त्याला जगभर वाटायला मोकळीक आहे. पण दुरुस्ती कंपनीची, तिला कुलूप!

तर आता तू जा तुझ्या साहेबांकडे. दोन रकान्यांच्या शीर्षकांची परवानगी हवी आहे. आख्खा लेख नको, जर्नल नको. दोन शीर्षकं.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकही खूण केली नाही.

मी काही कारणं सांगत नाही. पान छापायला गेलं की माझं काम संपलं, अशीच सवय लागली आहे. लेखकाने तुमच्याकडेही बदललं असेल, असं वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नव्हतं. पुढच्या लेखाचं पान समोर आलेलं असतं.

सोमवारी आमच्या मुख्य संपादक बाईंकडे गेले. आम्ही त्यांना पाठीमागे महाराणी म्हणतो. सव्वीस वर्षांत त्यांनी मला केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली नव्हती. मी तक्त्याचं सांगितलं, तशा त्या उठल्या, स्वतः खुर्ची ओढली आणि चहा मागवला. मला वाटलं, चला, बाईंना पोटची पोरं आहेत, कळलं त्यांना.

त्या म्हणाल्या, "म्हणजे ती फाईल आज या क्षणी तिथे आहे?"

"हो ना. म्हणूनच लवकर परवानगी दिली तर..."

"छे छे छे! कोणाला एक शब्द बोलू नका. बावीस एप्रिलला सुनावणी आहे. आपण काय म्हणतोय? की हे सरकारी मसुदे कच्चे आहेत, धोकादायक आहेत. आणि आपल्याकडे एकही धड उदाहरण नव्हतं! वकील तर नाचतील." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही कंपनीचा हिरा आहात हो."

मी म्हटलं, "बाई, तोवर कोणी वाचून औषध दिलं तर?"

त्या म्हणाल्या, "तर मग आपला मुद्दा आणखी पक्का होईल ना."

त्या हसत नव्हत्या, भिंगरी. मी चहा तसाच ठेवून उठले.

आता तू ऐक. तुमच्या साहेबांना हे सगळं सांग. परवानगी गेली खड्ड्यात. बदलता येत नसेल तर फाईल नुसती काढून टाका. आजच्या आज.

फोन करू नकोस. ऑफिसात फोन बाहेर ठेवावे लागतात, आणि घरी बोलायला लागले की माझा तोल जातो.

आत्या


३१ मार्च

आत्या,

सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या मैत्रिणीकडून तुमचं छापील पान आणलं आणि दोन्ही पानं साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आंधळ्याला दिसेल असा फरक! साहेबांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला.

"हं," म्हणाले.

"सर, काढूया ना फाईल?"

"आत्ता काढली तर काय होईल माहितेय? त्यांचा वकील म्हणेल, बघा, कबूल केलं. आज एक काढली, उद्या म्हणतील सगळ्या तपासा. आपल्याकडे तपासायला माणसं कुठे आहेत? सुनावणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"पण सर, लहान मुलं..."

"डॉक्टर शिकलेले असतात. ते तक्ता बघून डोळे मिटून औषध देत नाहीत." आणि मग अगदी थंडपणे मला विचारलं, "तुम्हाला त्यांच्या आतल्या गोष्टी कशा कळतात?" मी सांगितलं, आत्या आहे तिथे. तर म्हणाले, "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? सुनावणीच्या तोंडावर त्या बाईंना नेमकी हीच फाईल आठवते, आणि त्या तुमच्याकरवी आपल्याला ती काढायला लावतात. जरा डोकं चालवा."

मी कॅन्टीनमध्ये जाऊन एकटी बसले आणि डोकं चालवलं. आत्या, आता विचारतेच. तू मला पहिल्यांदा त्या तक्त्याबद्दल लिहिलंस तेव्हा तुला कोणी लिहायला सांगितलं होतं का? आणि 'आजच्या आज काढा' हे वाक्य तुझंच आहे ना? खरं खरं सांग. मला आता कोणावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही.

भिंगरी


४ एप्रिल

मला कोणीही पाठवलेलं नाही.

तू चार वर्षांची होतीस, दादा-वहिनी दोघं कामावर जायचे. दिवसभर तू माझ्या टेबलाखाली बसून माझ्या पेन्सिली खायचीस. त्या मुलीने मला हे विचारावं. बरं झालं, कळलं.

तुझ्या साहेबांना सांग, माझ्या मालकांशी त्यांचं चांगलं जमेल. दोघंही एकाच पोराच्या पाठीमागे लपून एकमेकांवर नेम धरतायत.

पुन्हा लिहू नकोस.


१४ एप्रिल

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. मला शिव्या दे, पण वाच.

काल सकाळी संग्रहाच्या मेलवर एका डॉक्टरांचं पत्र आलं. कुठल्या तरी आडगावचा दवाखाना. एक डॉक्टर, दोन नर्स. चार वर्षांची मुलगी फिट आली म्हणून आणली होती. डॉक्टरांनी मोबाईलवर आमच्या संग्रहातला तो लेख उघडला, सरळ तक्ता बघितला. मजकूर वाचायला वेळ कुठे होता? वर सरकारी शिक्का आहे, खाली 'तपासले' लिहिलंय, अजून काय हवं? औषध दिलं. फिट थांबली, पण मुलगी जागीच होईना. श्वास मंद झाला. तीन तास गाडीत डॉक्टर तिचे श्वास मोजत होते आणि नर्स तिच्या तोंडावर श्वास देणारा फुगा धरून दाबत होती, मोठ्या हॉस्पिटलपर्यंत. वाचली, आत्या. दोन दिवसांनी उठून बसली. डॉक्टरांनी आरडाओरडा केलेला नाही. फक्त विचारलंय, "कृपया सांगाल का, तक्ता क्रमांक दोन बरोबर आहे का?"

मी तो मेल छापून साहेबांकडे नेला. त्यांचा चेहरा पडला, नाही असं नाही. मग म्हणाले, "ठरलेलं उत्तर पाठवा."

ठरलेलं उत्तर असं आहे: 'संग्रहातील मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी संबंधित लेखकाची आहे. आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.'

मी ते पाठवलं. हो, मीच. साहेब मागे उभे होते आणि मी बटण दाबलं. लाज वाटते लिहायला, पण तुझ्यापासून अजून एक गोष्ट लपवली होती, तीही सांगून टाकते. त्या कव्हरवर 'तपासले' च्या पुढे माझा कर्मचारी नंबर आहे. तो मसुदा मीच सोडला होता. पानं मोजली, अठरा होती, आकृत्या उघडल्या, सोडला. आमच्याकडे 'तपासले' म्हणजे एवढंच. तो डॉक्टर काय समजला असेल?

साहेब मीटिंगला गेल्यावर मी माझ्याच लॉगिनने ती फाईल काढली आणि तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं: 'या लेखातील तक्ता २ चुकीचा आहे. लहान मुलांना औषध देण्यासाठी वापरू नका.' आज चोवीस तास होत आले, अजून तरी कोणाला कळलेलं नाही.

तुझ्यावर संशय घेतला, त्याची माफी मागायलाही तोंड नाही मला.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

ते उत्तर तू पाठवलंस? एका डॉक्टरने विचारावं, 'हे विष आहे का', आणि आपण म्हणावं, 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद'? तुझ्या जागी तुझ्या बापाला उभं केलं असतं तर त्याने कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर टाकला असता. आणि तो किती भित्रा आहे, तुला माहीत आहे.

बोलून झालं. मोकळी झाले. फाईल काढलीस ते शाबास.

पण ती आता परत लागणार आहे. सोळा तारखेला आमच्या वकिलाने तुझी सूचना बघितली. ऑफिसात नुसता हलकल्लोळ! 'पुरावा नष्ट केला, पुरावा नष्ट केला!' महाराणी कॉरिडॉरमध्ये चपला वाजवत फिरत होत्या. काल त्यांनी कोर्टातून आदेश आणला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत संग्रहातलं सगळं होतं तसं ठेवायचं. म्हणजे ती फाईलसुद्धा होती तशी.

त्या अर्जाला एक कागद जोडलाय. तो माझा आहे. माझ्या अक्षरातला प्रश्नांचा कागद, आणि सोबत माझ्या सहीचं निवेदन, की ही चूक मी पकडली आणि ती संग्रहात अजून आहे. मार्चमध्ये मी चहा ठेवून उठले, तशा महाराणी एकदम नरमून म्हणाल्या होत्या, "सगळं लिहून द्या, म्हणजे मी वरून परवानगी मिळवायचा प्रयत्न करते." मी लिहून दिलं. मी, प्रत्येक ओळ दोनदा वाचणारी, सही करताना एकदाही विचारलं नाही की हे जाणार कुठे! तुला सांगायची लाज वाटली म्हणून मार्चच्या पत्रात लिहिलं नाही. तू 'तुला कोणी पाठवलं का' असं विचारलंस तेव्हा म्हणूनच इतकं झोंबलं. कोणी पाठवलं नव्हतं, पण वापरलं मात्र होतं.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

परत लागली. सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. आमच्या कॉम्प्युटर विभागातला चष्मिस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुला न सांगता करणं बरं नाही वाटलं." मी म्हटलं, "कर बाबा, कोर्टाचा हुकूम आहे." त्याने ती जुनी फाईल उचलून जशीच्या तशी ठेवली. माझ्या नंबरासकट. माझी सूचना पुसली. मग तोच म्हणाला, "हे बरोबर नाही ना गं?" आणि चष्मा पुसत निघून गेला.

मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. ओळखपत्र जमा करून घेतलं.

तरी बावीस तारखेला सुनावणीला गेले, मागच्या बाकावर बसले. तुमच्या वकिलाने तुझा कागद हवेत फडकावला. "बघा, सरकार मुलांच्या जिवाशी खेळतंय!" आमचा वकील उठला. "चूक माहीत असून अकरा महिने लपवली कोणी? कंपनीने!" दोघंही खरंच बोलत होते, हीच तर चीड आली. दोघांचे आवाज चढले, टेबलं वाजली. लहान मुलं पाच-सहा वेळा तोंडी आली, प्रत्येक वेळी समोरच्याला मारायला. 'मग आधी तो तक्ता बदला' असं एकाही माणसाने म्हटलं नाही. एकानेही नाही! मी उभी राहिले आणि ओरडून म्हटलं. मला बाहेर काढलं.

पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. तोवर पाच महिने ती फाईल तिथे असणार, सरकारी शिक्क्यासह, कोर्टाच्या हुकमाने.

आता काय करायचं, तूच सांग. मला राग येण्याशिवाय काही येत नाही.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरी,

राग ठेव, उपयोगी पडेल.

हे बघ. फाईलला हात लावायला तुला बंदी आहे. कंपनीचं पान वाटायला मला बंदी आहे. पण पोस्टात पत्र टाकायला कोणाला बंदी आहे? आरोग्य खात्याची सगळ्या छोट्या दवाखान्यांच्या पत्त्यांची जाडजूड यादी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात कोणालाही बघायला मिळते. मी तीन दिवस रजा टाकून तिथे बसले आहे. रजेचं कारण लिहिलं, 'घरचं काम'. खोटं नाही ते.

प्रत्येक दवाखान्याला एक चिठ्ठी. मजकूर एवढाच: 'अमुक लेख, पान ६, तक्ता २. सरकारी संग्रहातल्या प्रतीत रकान्यांची शीर्षकं उलटी आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांना कमी मात्रा, जास्त नव्हे. खात्री हवी असल्यास त्याच लेखातला पान ४ वरचा मजकूर वाचा.' खाली माझं नाव, माझा हुद्दा, माझा घरचा पत्ता. निनावी कागदावर कुठला डॉक्टर विश्वास ठेवेल? आणि लपूनछपून करायला मी काही चूक करत नाही, दुरुस्त करते आहे.

महाराणींना कळेल. कळू दे. निवृत्तीला आठ महिने राहिलेत म्हणून दादा फोनवर गयावया करत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, आठ महिने मी कुठल्या तोंडाने त्या टेबलावर पट्टी ठेवू?"

साडेचारशे पत्ते झाले, अजून तितकेच आहेत. माझा अंगठा सुजलाय. तू रिकामीच आहेस ना? पहिल्या गाडीने ये. येताना चांगले पेन आण, आणि तोंड उघडायचं नाही, माझ्याशेजारी बसून नुसतं लिहायचं.

आत्या


१९ मे

डॉक्टर,

तुम्ही माझ्या आत्याला पत्र लिहून विचारलंत, की ही चिठ्ठी पाठवणाऱ्या तुम्ही नक्की कोण, सरकारी की कंपनीच्या? आत्या म्हणाली, उत्तर तू दे, तुझ्याकडे बाकी आहे. तिचं बरोबर आहे. तेरा एप्रिलला तुमच्या मेलला 'धन्यवाद' असं उत्तर ज्या बाईने पाठवलं, ती मी. ज्या कव्हरवर 'तपासले' वाचून तुम्ही विश्वास ठेवलात, त्यावरचा नंबरही माझा. मी फक्त पानं मोजली होती. तुमची, त्या नर्सची आणि त्या मुलीच्या आईवडिलांची मी माफी मागते. त्यांना माझं पत्र दाखवलंत तरी चालेल.

तुम्ही विचारलं होतंत, तक्ता बरोबर आहे का. नाही. मी आज, छत्तीस दिवसांनी उत्तर देतेय.

आम्ही दोघी कोणाच्याच नाही. म्हणजे आता नाही. माझी चौकशी चालू आहे. आत्याला परवा कंपनीचं पत्र आलं. 'कंपनीच्या मालकीची संपादकीय सुधारणा विनापरवानगी वितरित केली', म्हणून कामावरून कमी केलं आहे. सव्वीस वर्षांनंतर, टपालाने. एक पळवाट ठेवली आहे. तिने त्याच सगळ्या दवाखान्यांना दुसरी चिठ्ठी पाठवायची, की पहिली चिठ्ठी अनधिकृत होती, तिकडे लक्ष देऊ नका. तसं केलं तर आठ महिने पुरे करू देतील, निरोप समारंभही करतील म्हणे. आत्या ते पत्र वाचून आधी खूप हसली. मग इतकी रडली, की मला काय करावं सुचेना. मग म्हणाली, "म्हणजे पगार घेऊन मी आता दुरुस्त केलेली चूक परत करायची?" कागदाचे चार तुकडे केले आणि उरलेले पत्ते पुढे ओढले. अजून दोनशे राहिलेत. काल साठ झाले.

फाईल आजही तिथेच आहे. मी रोज बघते. काल रात्रीपासून आणखी अकरा जणांनी ती उतरवून घेतली. ते कोण, कुठले, मला माहीत नाही, आणि ती यादी ज्यांच्याकडे आहे ते बोलणार नाहीत.

एक विचारू का? कंपनी म्हणते, दुरुस्ती आमची. सरकार म्हणतं, चूक लेखकाची. लेखक म्हणतो, माझ्या हातात काही नाही. कोर्ट म्हणतं, सप्टेंबर. मी आणि आत्या रोज यावरून भांडतो, कारण तिला अजूनही वाटतं की दुरुस्त करणाऱ्याचा हक्क असायला हवा, आणि मला वाटतं की नसावा. तुम्ही त्या गाडीत होतात, ती मुलगी श्वास घेतेय का ते मोजत होतात. तुम्हीच सांगा, ती दोन शीर्षकं कोणाच्या मालकीची आहेत?

आपली,
भिंगरी